चित्रं काढायला कोणता आयपॅड: ए१६ की एम३?
मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढते, त्यामुळे टॅब्लेट बघताना आधी पेन बघते, प्रोसेसर नंतर. मार्च २०२५ मध्ये ॲपलने दोन आयपॅड आणले: ए१६ चिपचा साधा, ३४,९०० रुपयांपासून आणि एम३ चिपचा एअर, ५९,९०० पासून. साठवण दोन्हींत १२८ जीबीपासून. रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) मात्र साध्यात ६ जीबी, एअरमध्ये ८.

ए१६ ही मुळात आयफोन १४ प्रोची चिप, इथे सीपीयूचा एक कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग, कमी केलेली. तरी व्हिडिओ, पीडीएफ, मुलांचा अभ्यास यांना ती भरपूर झाली. त्यात ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) चालत नाही. माझं त्यावाचून काही अडत नाही.

खरा फरक काचेत आहे. साध्या आयपॅडची स्क्रीन लॅमिनेटेड नाही, म्हणजे वरची काच आतल्या डिस्प्लेला चिकटवलेली नाही, म्हणून पेनचं टोक आणि उमटणारी रेघ यांत बारीक फट जाणवते. शिवाय दाब देऊन रेघ जाड करायची तर त्याला पहिल्या पिढीचीच ॲपल पेन्सिल (ॲपलचं पेन) लागते, ती जोडायला वर ॲडॅप्टर! यूएसबी-सीवाल्या स्वस्त पेन्सिलला दाब कळतच नाही. एअरला दाब कळणारी पेन्सिल प्रो चालते, रॅममुळे मोठ्या कॅनव्हासवर लेयरही (चित्राचे एकावर एक थर) जास्त मिळतात. रोज चित्रं काढणाऱ्याने एअरच घ्यावा, बाकीच्यांनी पंचवीस हजार वाचवावेत.

पण साठ हजारांच्या एअरलाही स्क्रीन ६० हर्ट्झचीच, म्हणजे सेकंदाला साठदाच ताजी होणारी? हे जरा अतीच झालं.