शांघायला जावे की आपापल्या गावी राहावे: युरोपीय-चिनी संयुक्त डिझाइन प्रकल्पांच्या दोन पद्धती

युरोपातल्या डिझाइनच्या मास्टर्स अभ्यासक्रमात चिनी विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शांघायच्या तोंग्जी विद्यापीठात २००९ साली डिझाइनचे स्वतंत्र महाविद्यालय स्थापन झाले, पुढच्याच वर्षी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाच्या भागीदारीत तिथे ‘डिझाइन फॅक्टरी’ ही एकत्र प्रकल्प करण्याची जागा सुरू झाली, आणि मिलानच्या पॉलिटेक्निकशीही तोंग्जीचे दुहेरी पदवीचे नाते आहे. मार्च २०२० मध्ये चीनने परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केली आणि ८ जानेवारी २०२३ ला ती खऱ्या अर्थाने उघडली. मधल्या काळात नाइलाजाने सुरू झालेले इंटरनेटवरचे स्टुडिओ, म्हणजे एका प्रकल्पाभोवती चालणारे वर्ग, त्यानंतरही टिकून राहिले. त्यामुळे पुण्या-मुंबईहून नेदरलँड्स किंवा इटलीला शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापुढेही त्याच्या युरोपीय वर्गमित्रांप्रमाणेच दोन अर्ज येतात: चीनमध्ये जाऊन करायची दोन-तीन आठवड्यांची सघन कार्यशाळा, किंवा दोन्ही गट आपापल्या देशात राहून सत्रभर चालवतात तो संयुक्त स्टुडिओ. दुहेरी पदवी हा वेगळा आणि फार मोठा निर्णय आहे, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

नेदरलँड्समध्ये शिकत असताना मी दोन्ही प्रकार केले. आधी शांघायची कार्यशाळा केली, आणि नंतर पुन्हा निवडीची वेळ आली तेव्हा दूरस्थ स्टुडिओ निवडला. कार्यशाळेचा विषय वृद्धांचे स्वयंपाकघर हा होता, तर स्टुडिओचा विषय लहान घरांतले कपडे धुणे आणि वाळवणे. घरातली रोजची कामे दोन्हीकडे मध्यभागी असल्याने तुलना फारशी अन्यायकारक होणार नाही, असे मला वाटते.

कार्यशाळेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शांघायच्या जुन्या गल्ल्यांतल्या घरांत, जिथे एका इमारतीत अनेक कुटुंबे राहतात, तळमजल्यावरचे स्वयंपाकघर सामायिक असते आणि छतापासून प्रत्येक कुटुंबाचा वेगळा दिवा लोंबत असतो, ज्याचे बटण त्या कुटुंबाच्या खोलीत आणि वीज त्यांच्याच मीटरवर असते. आमच्या चिनी सहकाऱ्यांना त्यात टिपून घेण्याजोगे काही वाटले नव्हते, कारण त्यांनी ते लहानपणापासून पाहिलेले होते. आमच्या गटातली जर्मन विद्यार्थिनी मात्र त्या दिव्यांखाली बराच वेळ थांबली, आणि सामायिक जागेत प्रत्येकाची मालकी कशी आखलेली असते हा आमच्या प्रकल्पाचा धागा तिथेच सापडला. बाहेरच्या माणसाची नजर अशी कामाला येते, आणि ती नजर छायाचित्रांवरून कामाला येत नाही. प्रोटोटाइपच्या, म्हणजे चाचणीच्या नमुन्याच्या, बाबतीतही चीनला तोड नाही. छोटी मोटर, सेन्सर, हव्या त्या मापाचा सिलिकॉनचा तुकडा अशा वस्तू ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारात मागवल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातात पडतात, आणि शेनझेनला जाणे जमले तर हुआचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या तिथल्या तिथे मिळतात. युरोपात याच वस्तूंसाठी आठवडा सहज जातो.

व्हिसाचे मात्र भारतीय पारपत्रावर शिकणाऱ्यांनी आधीच पाहून ठेवावे. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स आणि स्पेनच्या नागरिकांना १ डिसेंबर २०२३ पासून पंधरा दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळू लागला आणि ३० नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत तीस दिवसांची झाली. ही सवलत पारपत्रावर मिळते, युरोपातल्या निवास परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे वर्गमित्र तिकीट काढून मोकळे होतात, आणि आपल्याला निमंत्रणपत्र मिळवून रीतसर अर्ज करावा लागतो. हे गैरसोयीचे असले तरी केवळ त्यासाठी कार्यशाळा सोडावी असे मी म्हणणार नाही.

माझा निर्णय ज्या गोष्टीने ठरला ती वेगळीच होती. कार्यशाळेत चिनी विद्यार्थी डिझाइनर म्हणून येतात आणि पहिल्या दिवसापासून दुभाषे होतात. आमच्या गटात तीन युरोपीय विद्यार्थी, मी आणि तीन चिनी विद्यार्थिनी होत्या. घरभेटीत प्रश्न आम्ही इंग्रजीत विचारायचे, त्यांनी ते चिनीत सांगायचे, समोरच्या आजी बराच वेळ मनापासून बोलायच्या, आणि आमच्यापर्यंत दोन-तीन वाक्ये पोहोचायची. जी मुलगी भाषांतर करत होती तिला स्वतःचा प्रश्न विचारायला फुरसत नव्हती, आणि आजींच्या बोलण्यातले काय महत्त्वाचे वाटले हे सांगायचे तर आधी पुढच्या प्रश्नाचे भाषांतर करायचे असायचे. घरभेट संपल्यावरही हे काम संपत नसे. जेवणाची मागणी, मेट्रोचा रस्ता, ताओबाओवरची खरेदी, पार्सल आणणे, मॉडेल बनवणाऱ्या कारागिराशी घासाघीस, हे सारे त्यांच्याच वाट्याला आले. परदेशी कार्ड आता अलीपे आणि वीचॅट पे या मोबाइलवरून पैसे देण्याच्या चिनी ॲपना जोडता येते, त्यामुळे पैसे देण्यापुरते आपण स्वावलंबी होतो; दुकानदाराशी बोलायला मात्र कोणीतरी लागतेच.

याला आणखी एक पदर आहे. चीनमधले डिझाइनचे अनेक विद्यार्थी कलाशाखेच्या प्रवेशपरीक्षेतून येतात, जिथे रेखाटन आणि रंगकामाची वर्षानुवर्षे तयारी करावी लागते, आणि पुढे ऱ्हायनो व कीशॉट या त्रिमिती रचनेच्या आणि चित्रणाच्या सॉफ्टवेअरवरही त्यांचा हात फार चांगला बसलेला असतो. युरोपीय विद्यार्थ्यांना वापरकर्त्यांचा अभ्यास, चर्चा आणि मांडणी यांची सवय अधिक असते. वेळ थोडा असला की गट या सवयींच्या उतारावर घसरतो: विचार एका बाजूने मांडायचा आणि चित्र दुसऱ्या बाजूने काढायचे. आमच्या गटातल्या तिघी दिवसभर दुभाषाचे काम करून रात्री वसतिगृहात संगणकावर वस्तूची चित्रे तयार करत (रेंडर करत) बसत, आणि सकाळच्या सादरीकरणात बोलायला उभे राहत ते इंग्रजीत सराईत असलेले आम्ही. कोणी कोणावर हे काम लादले नव्हते, सगळे एकमेकांशी अतिशय आपुलकीने वागत होते, आणि तरीही शेवटी परीक्षकांसमोर जे गेले ते चिनी स्वयंपाकघराबद्दलचे युरोपीय मत होते. दोन संस्कृतींनी मिळून एखादी वस्तू घडवण्यासाठी आपण जातो, आणि त्यातल्या एका संस्कृतीची माणसे दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये वाहून नेत असतील, तर मूळ हेतूच बाजूला पडतो. मला हे इतके बोचले की पुढच्या निवडीत इतर सगळे मुद्दे त्यामानाने हलके वाटले.

दूरस्थ स्टुडिओचा त्रास रोजचा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मध्य युरोप आणि चीन यांच्यात हिवाळ्यात सात तासांचे आणि उन्हाळ्यात सहा तासांचे अंतर असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे मागे जातात आणि चीनमधली जात नाहीत, त्यामुळे सत्राच्या मध्यावर बैठकीची वेळ आपोआप सरकते. हिवाळ्यात आपल्या सकाळी नऊला तिथे दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणून सकाळची वेळ हीच काय ती कामाची. आपल्या दुपारनंतर बैठक ठेवली तर तिकडे रात्र होते, आणि अनेक वसतिगृहांत रात्री अकराच्या सुमारास दिवे बंद करतात. साधनांची अडचण याहून मोठी आहे. गूगलचे दस्तऐवज, व्हॉट्सॲप, यूट्यूब, पिंटरेस्ट हे चीनमध्ये व्हीपीएनविना उघडत नाही, मिरो या सामायिक ऑनलाइन फळ्यावरचा भरभक्कम बोर्ड तिथे रेंगाळतो, आणि वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर पाठवलेली फाइल वेळेत उतरवून घेतली नाही तर काही दिवसांनी मिळेनाशी होते. आमच्याकडे शेवटी टेन्सेंट मीटिंग हे चिनी व्हिडिओ-बैठकीचे ॲप, फिग्मा हे एकत्र रेखाटनाचे साधन आणि दर आठवड्याला अद्ययावत केलेली एक साधी पीडीएफ एवढ्यावर काम चालले, आणि माझ्या मते तेवढे पुरते. सत्र निवडता येत असेल तर शरद ऋतूतले घ्यावे. १ ते ७ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत एक आठवडा जातो, पण वसंत सत्रात चिनी नववर्षामुळे तिकडचे वर्ग फेब्रुवारीच्या शेवटी भरू लागतात आणि तोवर युरोपात अनेक ठिकाणी काम आधीच सुरू झालेले असते.

एवढे सोसून मिळते काय, तर प्रत्येकजण आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या माणसांशी बोलून येतो. कपडे धुण्याच्या प्रकल्पात शांघायजवळच्या वूशी शहरातल्या आमच्या सहकारी मुलीने स्वतःच्या मावशीच्या घरी एक संपूर्ण दिवस काढला. यंत्र बाल्कनीत होते, बाजूला छोटे बेसिन होते, आणि मावशी अंतर्वस्त्रे व मोजे कधीही मोठ्या यंत्रात टाकत नव्हत्या. ते वेगळ्या टबात, वेगळ्या साबणाने, हाताने धुतले जात. ही सवय चीनमध्ये सर्रास आढळते, आणि दुभाषामार्फत विचारणाऱ्या परक्या पाहुण्याला ती कोणी आपणहून सांगेल असे मला वाटत नाही. त्याच आठवड्यात आमच्या डच सहकाऱ्याने आपल्या आजीकडे पाहिले की यंत्र माळ्यावर असल्याने आजी ओले कपडे उचलायला नको म्हणून अर्धेच यंत्र भरतात. दोन्ही निरीक्षणे सारख्याच वजनाची होती, आणि दोघांनाही आपापले निरीक्षण समोरच्याला पटवून द्यावे लागले. आमचे अंतिम उत्पादन, म्हणजे कंबरेच्या उंचीवर बसणारे आणि वेगळी लहान टोपली असलेले यंत्र, या दोन घरांच्या मधून निघाले. घराघरांत बाल्कनीत कपडे वाळताना बघत मोठा झालेला मी त्या वादात सोयीचा तिसरा पक्ष ठरलो, हेही नमूद करतो.

लेखी देवाणघेवाणीचा एक अनपेक्षित फायदा झाला. चर्चेत पटकन इंग्रजी बोलता न येणारे सहकारी रात्री निवांतपणे, गरज पडल्यास आधी चिनीत लिहून मग यंत्राने भाषांतर करून, आमच्या रेखाटनांवर परखड टिपणे करत. शांघायमध्ये समोरासमोर असताना असा विरोध मी क्वचितच ऐकला होता. यावरून संस्कृतींचे अनुमान काढू नये. कदाचित आमचा गटच तसा असेल. पण चीनला वरिष्ठांचा मान राखणारी आणि नेदरलँड्सला समानतावादी संस्कृती ठरवणारे, देशोदेशींच्या संस्कृती आकड्यांत मोजणाऱ्या डच अभ्यासक हॉफस्टेड यांचे गुणांक वर्गात ऐकल्यावर मी जितका सावध झालो होतो, तितकी ती टिपणे वाचून मला या माणसांची ओळख झाली.

वस्तू हातात घेता येत नाही, ही दूरस्थ स्टुडिओची उणीव कशानेही भरून निघत नाही. झाकण उघडताना किती जोर लागतो हे दोन शहरांत दोन वेगळी मॉडेल छापून थोडेफार जमवता येते, तरी ती दोन्ही मॉडेल एका टेबलावर कधी येत नाहीत. ज्यांचा कल यांत्रिक बाजूकडे, साहित्याकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे त्यांनी कार्यशाळाच घ्यावी, आणि त्यांना माझा वरचा आक्षेप कमी जाणवेल. घरात राहणाऱ्या माणसांसाठी वस्तू घडवायची असेल तर मात्र मी पुन्हा दूरस्थ स्टुडिओच निवडेन, आणि बजेट असेल तर सत्राच्या शेवटी, संकल्पना पक्की झाल्यावर, एक आठवडा मॉडेल बनवायला चीनला जाईन.

तरीही कार्यशाळेचाच अर्ज भरायचा ठरला असेल तर समन्वयकांना दोन प्रश्न आधी विचारावेत. घरभेटींसाठी विद्यापीठ गटाबाहेरचा, मानधन घेणारा दुभाषा देते का, आणि अंतिम सादरीकरणात दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भाषेत बोलण्याची मुभा आहे का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असलेली कार्यशाळा मिळाली तर मीसुद्धा व्हिसाचा अर्ज भरायला बसेन.