गाव खरं, कढई खरी, चहा मात्र परगावचा

कापड बघायला इचलकरंजी, भिवंडी, मालेगावहून चीनला जाणाऱ्यांचा मुक्काम बहुतेक वेळा शाओशिंगच्या कछियाओ बाजारात पडतो. तिथून हांगझोऊ जवळच. त्यामुळे कामं उरकली की शेवटच्या दिवशी शीहू तलाव बघायचा आणि येताना लोंगजिंग हा तिथला नावाजलेला हिरवा चहा घ्यायचा, हा कार्यक्रम ठरलेला. याच कार्यक्रमात माझे आणि माझ्या चुलतभावाचे मिळून चोवीसशे युआन गेले. तेव्हाच्या दराने अठ्ठावीस हजार रुपयांच्या आसपास. पुढच्या सीझनला जाणाऱ्यांनी एवढं वाचून मगच टॅक्सीत बसावं.

मार्चचा दुसरा आठवडा होता. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

तलावापाशी सोडणारा ड्रायव्हरच म्हणाला, "दुकानात कशाला घेता, शेतकऱ्याच्या घरीच नेतो." त्याने आम्हाला नेलं ते मेइजियावूला. गाव शंभर टक्के खरं. शिफंग, लोंगजिंग, वंगजियाशान, हूपाओ, मेइजियावू ही शीहूच्या पश्चिमेच्या डोंगरातली नावं म्हणजे या चहाची मूळ जागा. छ्येनलोंग बादशहाने शिफंगच्या पायथ्याशी अठरा झुडपं राजाच्या नावे राखून ठेवली अशी आख्यायिका आहे, ती झुडपं कुंपण घालून आजही दाखवतात. घराच्या मागे डोंगरउतारावर चहाचे मळे, दारात विजेची कढई, कढईपाशी साठीचा माणूस उघड्या हाताने पानं दाबतोय. यात खोटं काय काढणार?

आत टेबलावर एक बाई. मोबाईलवर भाषांतर करत बोलायची, पण हिंदी सिनेमातले चार शब्द तोंडपाठ. तिने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, चमचाभर तांदूळ टाकला, ढवळला आणि ड्रॉपरने तपकिरी थेंब सोडले. पाणी शाईसारखं काळंनिळं झालं. "हे तुमचं पोट. तेल, खत, औषधं." मग त्यात ग्लासभर हिरवा चहा ओतला. काळेपणा बघता बघता गेला, पाणी निवळलं.

मी कानात म्हटलं, "दादा, ते आयोडीन आहे. शाळेत स्टार्चचा प्रयोग केला होता तोच." तांदळातला स्टार्च आयोडीनने काळानिळा होतो आणि चहातली पॉलिफेनॉल्स आयोडीनचं आयोडाइड करून टाकतात, की रंग गेला. लिंबू पिळलं असतं तरी तेच झालं असतं. तुमच्या पोटाशी याचा काडीचा संबंध नाही. पण दादाच्या डोक्यात काकूंची शुगर होती, आणि बाईने ते दोन मिनिटांत हेरलं होतं. "शुगर? व्हेरी गुड, व्हेरी गुड." ज्या घरात आयोडीनची बाटली टेबलावर येईल तिथून उठावं, हा माझा आता नियम आहे. शेतकऱ्याला चहा विकायला ड्रॉपर लागत नाही.

चहा शिफंगचा, असं बाई सांगत होती. भाव विचारला. तिने अंगठा आणि करंगळी ताठ करून हात हलवला. तिकडे एका हाताने सहा असं दाखवतात, बाजारात फिरणाऱ्यांना ही खूण पाठ असते. सहाशे. तिकडे वजनावर भाव सांगतात तो 'जिन'चा, म्हणजे अर्धा किलोचा, असं आम्ही धरून चालतो. तिने डबे भरले, तळहाताने चहा दाबून दाबून भरला, झाकणावर पट्टी मारली, आणि मग कॅल्क्युलेटर पुढे केला: 2400. सहाशे हा भाव 'लियांग'चा होता. एका जिनचे दहा लियांग, लियांग म्हणजे पन्नास ग्रॅम. दोन डब्यांत मिळून चार लियांग. दोनशे ग्रॅम चहा! दादाने हात वर केले, तर कढईवाला आत येऊन दारात उभा राहिला आणि ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला. पट्टी मारलेला माल परत नाही, म्हणे.

इथवरचा प्रकार भावातल्या लबाडीचा. तेवढ्यावर भागलं असतं तर महाग पडला म्हणून सोडून दिलं असतं, कारण खरा शिफंगचा, छिंगमिंगच्या आधी खुडलेला चहा हजारो युआन जिनने जातोच. छिंगमिंग म्हणजे 4-5 एप्रिलचा, पितरांच्या थडग्यांवर जायचा सण. त्याआधीची कोवळी कळी सगळ्यात मोलाची, त्यानंतर 20 एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या गूयू या तिथल्या पंचांगातल्या दिवसापर्यंतची दुसऱ्या मोलाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांच्याकडून आम्ही कापड घेतो त्या लाओबाननी डबा उघडला. (तिथे मालकाला सगळे लाओबानच म्हणतात.) त्यांचे सासरे शेजारच्या शंगझोऊ भागात स्वतः चहा भाजतात, त्यामुळे हा माणूस कापडाइतकाच चहा ओळखतो. चिमूटभर पानं त्यांनी पांढऱ्या कागदावर पसरली. हिरवीगार, जाडसर, एकसारखी. शिफंगच्या जुन्या जातीचा रंग असा नसतो, त्यात पिवळट छटा असते, हातसडीच्या तांदळासारखी, आणि पानं लहानमोठी असतात. गिऱ्हाइकाला मात्र हिरवागारच 'ताजा' वाटतो, म्हणून तोच विकला जातो. मग ग्लासात पानं टाकून ऐंशी अंशांच्या आसपासचं पाणी ओतलं (आपल्यासारखी उकळी फोडली तर हा चहा कडवट होतो). भाजलेल्या चण्यासारखा, चेस्टनटसारखा वास यायला हवा होता. आला गवताचा. दुसऱ्या पाण्याला तर चवच उरली नाही.

"वूनिऊझाओ," ते म्हणाले. ही वनझोऊकडची लवकर फुटणारी जात. मार्चच्या सुरुवातीलाच तिची पानं बाजारात येतात, लोंगजिंगसारखीच कढईत दाबून चपटी करता येतात. जुन्या जातीची खुडणी शिफंगला मार्चअखेरीच्या सुमारास सुरू होते, आणि लवकर येणारी 'लोंगजिंग 43' ही जातसुद्धा आम्ही गेलो तेव्हा नुकती कुठे डोळे उघडत असेल. म्हणजे बाई ज्या चहाला शिफंगचा म्हणत होती तो त्या दिवशी झाडावर फुटलेलाच नव्हता. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा, तोही फेब्रुवारीत.

मग मी विचारलं, कढईत काय होतं? लाओबान हसले. मालाचं काम चाललंय का हे ओळखायची खूण त्यांनी सांगितली. खुडलेली पानं आधी बांबूच्या सुपांत पातळ पसरून काही तास सुकवतात. मग पहिली भाजणी, 'छिंगग्वो': ओल्या पानाची वाफ उठते, घरभर कच्चा हिरवा वास सुटतो, आणि त्या उष्णतेने पान काळवंडवणारी क्रिया थांबते. म्हणून तर हा चहा हिरवा राहतो. मग पानं गार करून दुसरी भाजणी, 'हुइग्वो', त्यात ती पूर्ण चपटी आणि गुळगुळीत होतात. किलोभर चहाला चारेक किलो ओली पानं लागतात. आमच्या त्या घरात पसरलेली सुपं नव्हती, वाफ नव्हती, वास नव्हता. कढईत आधीच चपटी झालेली सुकी पानं होती आणि म्हातारा तीच तीच फिरवत होता. त्याच्या हाताची सफाई मात्र खरी होती, ते नाकारून चालणार नाही.

डब्यावर शीहू लोंगजिंगचा स्टिकरही होता, पण नुसता छापलेला, स्कॅन होणारा कोड नाही. खऱ्या मालावर कोड असतो आणि शेतकऱ्याला ही लेबलं त्याच्या मळ्याच्या हिशोबाने मोजून मिळतात. त्यातही उरलेली लेबलं विकण्याचे प्रकार होतातच, त्यामुळे कोड दिसला म्हणून डोळे मिटू नका. आणि तलावाकाठचाच पाहिजे असा हट्ट नसेल तर छियानथांग आणि युएझोऊ या भागांतला चहाही कायद्याने लोंगजिंगच आहे, फक्त त्याला 'शीहू' म्हणता येत नाही. लाओबानच्या सासऱ्यांचा त्यातलाच. आम्ही शेवटी तोच घेतला. कितीला, ते सांगितलं तर मेइजियावूच्या बिलाचा अजून राग येतो.

लाओबाननी 12315 ला, म्हणजे तिथल्या ग्राहक तक्रारीच्या नंबरला, आमच्यासाठी फोन लावला. पहिला प्रश्न आला: दुकानाचं नाव काय, फापिआओ आहे का? फापिआओ म्हणजे तिथली कराची अधिकृत पावती. आमच्याकडे हाताने लिहिलेली चिठ्ठी, आणि मोबाईलवरून दिलेले पैसे कुणा बाईच्या खासगी खात्यात गेलेले. दारावरची पाटी, गाडीचा नंबर, कशाचाच फोटो नाही. तक्रार नोंदली गेली, पैसे आले नाहीत. पैसे देण्याआधी "फापिआओ" एवढा एक शब्द उच्चारा. आणि भाव ठरवताना कागदावर ग्रॅम लिहून घ्या, काटा समोर ठेवायला लावा, डबा वेगळा तोलायला सांगा.