शिडी न लावता वरच्या मजल्याच्या काचा: वॉटर-फेड पोल वापरल्यावर

आधी निकाल सांगते. घर समुद्राच्या तोंडावर असेल, वरच्या काचांना बाहेरून ग्रिल नसेल आणि दरवेळी कुणाला तरी शिडीवर चढवायची धास्ती वाटत असेल, तर हा पोल, म्हणजे टोकाच्या ब्रशमधून पाणी सोडणारी लांब काठी, घ्या. ग्रिल असेल तर घेऊ नका, गजांतून ब्रश आतच जात नाही. आमच्याकडून पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

आमचा होमस्टे रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर, पश्चिमेला तोंड करून आहे. जिन्याला दोन मजले उंच बंद काच, वरच्या खोल्यांना सरकत्या खिडक्या आणि त्यांच्या डोक्यावर पुन्हा न उघडणारी काच. पाहुणा पैसे मोजतो तो त्या काचेतून दिसणाऱ्या समुद्राचे. आणि खारा वारा त्या काचेवर आठवडाभरात असा थर बसवतो की संध्याकाळचं ऊन पडलं की पलीकडचं काही दिसेनासं होतं.

या थराचा स्वभाव समजला की पोलचा उपयोग समजतो. हवेतली ओल साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ती ओढून घेतं आणि विरघळतं. आपल्याकडे रात्री ती त्याच्या वर असतेच. दुपारी ऊन तापलं की तेच मीठ पुन्हा कोरडं होऊन काचेला धरतं, आणि मधल्या वेळात जांभ्याची लाल धूळ त्यात अडकलेली असते. हे कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे काचेवर बारीक रेघा ओढून घेणं. मीठ पाण्याने मऊ करून वाहवूनच काढायला हवं, आणि तेही वीस फुटांवर.

पोल म्हणजे एकात एक सरकणारे नळीसारखे तुकडे, आतून वर गेलेली बारीक पाण्याची नळी, आणि टोकाला ब्रश. ब्रशमध्येच दोन भोकं, त्यातून पाण्याच्या धारा पडत राहतात. घासायचं, मग त्याच पाण्याने धुवायचं आणि सोडून द्यायचं. पुसायचं नाही, साबण नाही. आमचा फायबरग्लासचा आहे, 20 फुटी. खर्च पोल आणि पाण्याची टाकी मिळून एका बऱ्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या संचाएवढा आला.

आता खरी गोष्ट पाण्याची. पोल कितीही भारी घ्या, पाणी साधं असेल तर काच वाळल्यावर पांढरे ठिपके उठणारच, कारण पुसायला वर कुणी जाणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) योग्य धरतात. काचेवर तसंच वाळू द्यायचं पाणी 10 च्या आत लागतं, शून्याजवळ असेल तर उत्तम. आमच्या विहिरीचं पाणी प्यायला गोड आहे. पण दिवाळीच्या सुमारास टीडीएस मोजायच्या मीटरवर दीडशेच्या आसपास दिसणारा आकडा मे महिन्यात चारशेच्या पुढे जातो, कारण पाणी खाली गेलं की समुद्राकडचा खारटपणा आत सरकतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही चालत नाही. चव राहावी म्हणून त्यात थोडं मूळ पाणी मिसळायची सोय केलेली असते, त्यामुळे टीडीएस बऱ्याचदा पन्नासच्या वरच राहतो.

म्हणून सोबत डीआय रेझिनची, म्हणजे क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांची, टाकी लागते. एका बाजूने विहिरीचं पाणी घालायचं, त्यातले क्षार रेझिन धरून ठेवतं, दुसऱ्या बाजूने जवळजवळ शून्याचं पाणी येतं. पाण्याचा टीडीएस दुप्पट झाला की रेझिन निम्म्या पाण्यातच संपतं, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. मे महिन्यात ते आमच्या खिशाला जाणवू लागलं. यावर कोकणातच सुचेल असा तोडगा आम्हाला सापडला: पागोळ्यांचं पाणी. पहिले चार-पाच मोठे पाऊस कौलं धुऊन जाऊ द्यायचे, मग पन्हळीखाली झाकणाच्या टाक्या भरून ठेवायच्या. आमच्याकडे हे पाणी मीटरवर तीसच्या आत असतं. ते गाळून रेझिनमधून सोडलं की रेझिन कितीतरी जास्त टिकतं. मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी लागतं, त्यामुळे एका टाकीत बरंच काम उरकतं.

दुसरी अडचण दाबाची. छपरावरच्या टाकीचं पाणी बागेत जोरात येतं म्हणून ते ब्रशलाही पुरेल असं वाटतं, पण ब्रश टाकीच्या उंचीजवळ गेला की धार मरते. पाणी आपली पातळी सोडून वर जात नाही. पंप हवाच. आंब्यावर फवारणी करायच्या बॅटरीच्या पंपात असतो तसा 12 व्होल्टचा छोटा पंप इथे उत्तम चालतो. मात्र तो नवा कोरा घ्या, औषध मारलेला पंप धुऊनही काचेसाठी वापरू नये. विक्रेत्याने सोबत पाठवलेला जोड आपल्या अर्ध्या इंची नळाला बसत नव्हता, दोनदा कळवूनही बदलून मिळाला नाही, शेवटी पावसच्या प्लंबरने करून दिला. कापलेल्या गुणातला अर्धा याचा.

काम कसं होतं ते जिन्याच्या काचेवर सांगते. बागेचं बघणारे आमचे काका सकाळी ऊन यायच्या आत सुरू करतात. आधी चौकट, वरून खाली. ही पायरी गाळली की काच स्वच्छ झाल्यावर वरच्या रबराच्या पट्टीतून मळकं पाणी ओघळत येतं. चौकटीचं पाणी निथळेपर्यंत ते थांबतात. मग काच: ब्रश वर-खाली, शेजारी-शेजारी पट्टे. पहिल्या हाताला खाली येणारं पाणी विटकरी असतं. लाल ओघळ जांभ्याच्या भिंतीवरून उतरून तुळशीपर्यंत येतात आणि हळूहळू पांढरे होत जातात. शेवटी ब्रश काचेपासून किंचित सुटा धरून नुसत्या धारेने वरून खाली धुवायचं. काही काचांवर पाणी एकसंध पडद्यासारखं उतरतं, काहींवर थेंब धरतात. थेंब धरणाऱ्या काचेला धुवायला जास्त वेळ द्यावा लागतो. मग थेंब तसेच सोडून द्यायचे. सुरुवातीला सासूबाई खाली उभ्या राहून म्हणायच्या, "अगो, पुसत का नाहीस, डाग पडतील." वाळल्यावर काच बघून त्यांनीच शेजारणीला बोलावून दाखवली.

काकांचं एक वाक्य माझ्यासाठी या सगळ्या खर्चाचं मोल आहे: "वैनी, ती शिडी आता नारळालाच ठेवा." पूर्वी ते छज्ज्यावर शेवाळ असताना बांबूची शिडी टेकवून वर जायचे. मी खाली शिडी धरून उभी असायचे आणि माझा जीव वर टांगलेला असायचा.

पोल काय काढत नाही तेही ऐका. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी उडून बसलेले पांढरे डाग काढत नाही. ते काचेत मुरलेले असतात, त्याला वेगळा उपाय. सिमेंटचे शिंतोडे, रंगाचे थेंब, सिलिकॉनचे फराटे, काही नाही. मोहराच्या दिवसांत हापूसच्या झाडाशेजारच्या काचेवर तुडतुड्यांचा चिकट थर बसतो. तो निघतो, पण दोन हात फिरवावे लागतात. मच्छरदाणीची जाळी आधी काढून घ्या. ॲल्युमिनियमची जुनी चौकट पांढुरकी पडली असेल तर तिची भुकटी काचेवर उतरते, त्यामुळे आधी एका कोपऱ्यात करून बघा.

उरलेला अर्धा गुण वजनाचा आणि वाकण्याचा. पूर्ण उघडला की पोल डुलतो, आणि मान वर करून काम करताना काकांचे खांदे भरून येतात. मध्ये विसावा घेतल्याशिवाय जमत नाही. कार्बन फायबरचा हलका आणि ताठ मिळतो, पण महाग. शिवाय त्यातून वीज वाहते. फायबरग्लासवरही निर्धास्त राहू नका, पाण्याने भिजलेला पोल तारेजवळ धोक्याचाच. आमच्या उत्तरेच्या भिंतीजवळून विजेच्या खांबाची तार घरात येते. त्या बाजूला पोल उघडायचाच नाही, असा आमच्याकडे नियम आहे, आणि ती एक खिडकी आम्ही आतूनच जमेल तेवढी पुसतो. वारा सुटला किंवा ढग गडगडू लागले की काम बंद.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. पोलचे तुकडे वाळूवर ठेवू नका. एक कण तुकडे घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये गेला की तुकडा ना आत ना बाहेर. काम झालं की गोड्या पाण्याने धुवून, सुटे करून आडवे वाळत घालायचे. रेझिनच्या टाकीची दोन्ही तोंडं बंद करून ती सावलीत ठेवायची, आतलं रेझिन कोरडं पडू द्यायचं नाही. आणि दरवेळी काम सुरू करण्याआधी ब्रशमधून येणारं पाणी वाटीत धरून मीटर बुडवायचा. आकडा दहाच्या वर दिसला तर त्या दिवशी काचांना हात लावू नका, आधी रेझिन बदला.