नांदेडची सर्वधर्म बैठक: स्टेज नाही, हारतुरे नाहीत, बसून ऐकायचं

सर्वधर्म कार्यक्रम म्हणलं की मी आता शक्यतो जात नाही. तीन-चार बघितलेत. पाहुणे उशिरा येतात, शाल-श्रीफळ होतं, एकेक जण उठून सगळे धर्म एकच शिकवण देतात असं सांगतो, शेवटी हात धरून फोटो, आणि खाली उतरल्यावर कोणी कोणाला काही विचारत नाही. त्यामुळं मैत्रिणीनं चल म्हणल्यावर मी आधी नाहीच म्हणले होते, मग तिनं विषय सांगितला आणि मी गप्प झाले. विषय होता, ज्या घरातल्या माणसानं स्वतःचा जीव दिलाय त्या घरी तुम्ही धर्माची माणसं जाता तेव्हा काय बोलता.

आमच्या घरात हे झालंय. कंधार तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, २०१५ च्या दुष्काळात चुलते गेले. कर्ज होतं, अजून पण बरंच काय काय होतं, ते इथं लिहीत नाही. पण दहाव्याला आलेल्या एका माणसानं काकूच्या समोर म्हणलं की असल्या मरणाला गती नसते. त्यानंतर काकूनं कितीतरी वर्षं देवापुढं दिवा लावला नाही, कोणी म्हणलंच तर फक्त मान हलवायची. तर हे सगळं मनात घेऊन मी तिथं गेले, म्हणून माझा रिव्ह्यू तटस्थ वगैरे नाही हे आधीच सांगते.

बैठक तरोडा नाक्याकडच्या एका साध्या हॉलमधे होती, महिन्यातून एकदा रविवारी भरते, फी नाही. सतरंजीवर गोल बसायचं. मधे सहा धर्मगुरू, म्हणजे एक कीर्तनकार महाराज, मौलाना साहेब, भंतेजी, फादर, गुरुद्वाऱ्यातले ग्यानीजी आणि जैन समाजाचे एक वडीलधारे काका, आणि त्यांच्या भोवती आम्ही पन्नासेक लोक. नियम एवढाच, आपल्या ग्रंथात काय लिहिलंय ते सांगायचं नाही, आपण स्वतः त्या घरी जाऊन काय केलं ते सांगायचं, आणि पुढच्यानं आपलं बोलायच्या आधी मागच्याचं आपल्याला काय ऐकू आलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण लई अवघड आहे हे पंधरा मिनिटात कळलं.

मौलाना साहेब आधी बोलले. म्हणले, रात्री मला एका घरी बोलावलं, बाप दारातच उभा, त्यानं एकच विचारलं की पोराची जनाजाची नमाज होईल का हो. लोकांनी त्याला सांगून ठेवलं होतं की अशाची नमाज पढत नाहीत. मौलाना म्हणले, मी सांगितलं की होणार, गुस्ल (मयताची आंघोळ) पण होणार, खांदा पण मिळणार. केलं ते गुनाह आहे, पण त्या पोराचा हिशोब अल्लाकडं आहे, माझ्याकडं नाही.

नंतर महाराजांची पाळी. त्यांनी सांगितलं की मौलानांचं मला असं ऐकू आलं की त्यांच्यात याला माफी आहे. मौलाना लगेच म्हणले, नाही महाराज, माफीचं मी बोललोच नाही, ते माझ्या हातात नाही. महाराजांनी परत प्रयत्न केला, म्हणले नमाज झाली की पाप धुतलं जातं असं का? तर मौलाना परत नाही म्हणले, अगदी शांतपणे. हॉलमधे चिडीचूप. तिसऱ्या वेळेला महाराज जरा थांबले आणि म्हणले, "तुम्ही असं म्हणालात की निवाडा माझा नाही, खांदा माझा आहे." मौलाना म्हणले, "हां. बराबर."

मला वाटतं ही दहा मिनिटं म्हणजे अख्खी बैठक होती. आपण दुसऱ्याच्या धर्माबद्दल आधीच मनात काहीतरी धरून बसलेलो असतो आणि समोरचा बोलायला लागला की त्याच साच्यात ओततो, आणि इथं तो साचा सगळ्यांच्या देखत दोनदा मोडला, तरी कोणाचा अपमान झाला नाही.

मग महाराजांनी स्वतःचं सांगितलं. म्हणले, मी दहाव्याला प्रवचन करतो, पंचवीसेक वर्षं झाली, आणि अशा घरी मी हेच सांगायचो की नरदेह दुर्लभ आहे, तो असा टाकून देणं पाप आहे. मला वाटायचं गावातल्या बाकीच्या पोरांना धाक बसेल. त्याची बायको मागं बायांमधे बसलेली असते हे माझ्या ध्यानातच यायचं नाही. आता मी आदल्या दिवशी संध्याकाळी घरी जातो, तिला विचारतो की त्यांना काय आवडायचं, कोणती जनावरं होती, पोरांना काय म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तेच बोलतो. शेवटी म्हणले, मी कितीतरी घरी चुकलोय. आमच्या दहाव्याला बोलणारे हे नव्हते, तरी पण हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते मला तिथंच कळलं. मैत्रिणीनं नुसता हात धरला.

फादर कमी बोलले पण महत्त्वाचं बोलले. पूर्वी कॅथलिक चर्चमधे अशा माणसाचा चर्चकडून अंत्यविधी नाकारायचा नियम होता, १९८३ ला चर्चचा नवीन कायदा आला त्यात ते कलम ठेवलं नाही. नियम कागदावरून गेला, पण लोकांच्या मनातून काढायला आम्हाला अजून घरोघर जावं लागतं, असं म्हणले. भंतेजींनी जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाबद्दल (गेलेल्या माणसाच्या नावानं पुण्य अर्पण करणं) सांगितलं, की मी लेकरांना त्यांच्या हातानं काहीतरी दान द्यायला लावतो बापाच्या नावानं, मग ते पुस्तक असो नाहीतर झाड असो, कारण त्या लेकरांना बापासाठी काहीतरी करायचं असतं आणि कोणी त्यांना करू देत नाही. हे मी शाळेवर असल्यामुळं मला फार पटलं, अशी दोन लेकरं माझ्या वर्गात होऊन गेलीत.

ग्यानीजी म्हणले मी अरदास म्हणजे प्रार्थना करतो आणि लंगरातनं डबा पाठवतो, बोलत काहीच नाही, कारण पहिले आठ दिवस त्या घरात चूल पेटत नाही. आणि मग त्यांनी नामदेवांचं पद म्हणलं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि १७०८ ला गुरु गोविंदसिंगांनी याच नांदेडात त्या ग्रंथाला गुरुपद दिलं, आणि नामदेवांचं नरसी इथून शेजारी हिंगोली जिल्ह्यात. हे सगळं मला शाळेपासून पाठ आहे, पण ग्यानीजी त्यांच्या चालीत म्हणत असताना महाराजांनी हळूच हातानं ताल धरला, आणि ते पद संपल्यावर त्यांनी नामदेवांचाच मराठी अभंग घेतला, ते मी कधी बघितलं नव्हतं.

जैन काकांचं मात्र जरा लांबलं. संथारा (मरेपर्यंत अन्नपाणी सोडायचं जैन व्रत) आणि आत्महत्या वेगळं हे त्यांना सांगायचं होतं, पण मग २०१५ ला राजस्थान हायकोर्टानं बंदी घातली, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली, असं कोर्टाचंच चालू राहिलं आणि घरी गेल्यावर ते काय करतात हे राहूनच गेलं. नियम होता तर चालवणाऱ्या सरांनी थांबवायला पाहिजे होतं.

व्यवस्था चांगली. जैन काका दिवस मावळायच्या आत जेवतात म्हणून साडेपाचलाच सगळ्यांना कांदा-लसूण नसलेली मुगाची खिचडी आणि कढी, मग मगरिबच्या नमाजला सुट्टी, मग परत बसणं. सगळ्यांची सोय एकाच वेळापत्रकात बसवली होती, त्याला मागं किती फोन झाले असतील. भिंतीवर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोठ्या अक्षरात लावला होता, त्याबद्दल खास धन्यवाद, कारण ऐकता ऐकता कोणाचं काय निघेल सांगता येत नाही.

तक्रारी पण आहेत. एक, मधल्या सहा जणांत एकही बाई नाही, आणि घरात मागं राहते ती तर बाईच ना. दोन, हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणारी माणसं चढणार कशी. तीन, एका ताईनं विचारलं की सात-बारा सासऱ्याच्या नावावर असल्यानं आमचं प्रकरण अपात्र झालं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना मिळणारे सरकारचे एक लाख (३० हजार रोख आणि ७० हजार ठेव) आम्हाला मिळाले नाहीत, यात तुम्ही काय करू शकता? सगळे एकमेकाकडं बघत राहिले. फादरनी वहीत लिहून घेतलं, पण अशा बैठकीला तहसीलचं काम माहिती असणारं कोणीतरी पाहिजेच. आणि चार, ही बैठक जरा जास्तच सांभाळून चालते. पैठणला नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला त्यात दोघं आधी एकमेकाच्या देवधर्मावर तोंडावर बोलतात आणि मग शेवटी मिठी मारतात. इथं मरणाबद्दल बोलले, पण गावागावात सणाच्या मिरवणुकीवरून जे होतं त्यावर हेच सहा जण याच नियमानं बोलले तर मी नक्की येईन, पहिल्या रांगेत बसेन.

माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. लहान लेकरं शक्यतो आणू नका, तीन तास आहे. रुमाल आणा.

घरी येऊन मी काकूला सगळं सांगितलं, महाराजांचं दोनदा सांगायला लावलं तिनं. मग विचारलं, "तिथं बायांना बोलू देतेत का गं?" मी बैठकवाल्यांना फोन केला, ते हो म्हणले, आणि जिना चढता येत नसेल तर पुढची बैठक खालच्या अंगणात घेऊ म्हणले.