शब्दांची यादी की खेळातलं निरीक्षण? आम्ही दोन्ही केलं

लेक १७ महिन्यांची झाली तरी "आई", "मंमं", "भूभू" याच्या पुढे जाईना म्हणून आम्ही दोन्ही करून बघितलं, घरी भरायची मॅकआर्थर-बेट्सची यादी (मुलाला कुठले शब्द समजतात, कुठले बोलता येतात त्यावर आई-बाबांनी खुणा करायच्या) आणि स्पीच थेरपिस्टकडे सीएसबीएस, म्हणजे खेळता खेळता मूल आपलं म्हणणं कसं पोचवतं ते बघायची चाचणी. कानाची तपासणी झाली नसेल तर ती आधी करा, बाकी सगळं नंतर.

यादी सोयीची आहे हे मान्यच. ८ ते १८ महिन्यांच्या फॉर्मात ३९६ शब्द, मूल आपल्याच घरात, बोबडा उच्चार पण धरतात, त्यामुळे लाजरं मूल असेल तर कदाचित हेच बरं पडेल.

पण मी अडकलो "समजतं" या रकान्यात. 'बूट' आलं, आजी म्हणाली कळतं की, रोज आणते ती! मग मी हात मागे घेऊन, दाराकडे अजिबात न बघता "बूट आण" म्हटलं तर लेक माझ्या तोंडाकडे बघत उभी. म्हणजे तिला इतके दिवस आमचं बोट कळत होतं, शब्द नाही. मग आधीच्या खुणा खोडत बसलो, आजीचं एक, बायकोचं एक, माझं तिसरंच, आणि शेवटी जो आकडा आला त्यावर माझाच भरवसा नव्हता.

सीएसबीएसला थेरपिस्ट ताईंनी घट्ट झाकणाच्या बरणीत खाऊ घालून ती लेकीच्या हातात दिली आणि गप्प बसल्या. मलाच उठून उघडून द्यावीशी वाटत होती. तिने झाकण ओढलं, बरणी आपटली, मग ताईंच्या मांडीवर ठेवली, त्यांच्याकडे बघितलं, परत बरणीकडे, आणि "अं!" शब्द एकही नाही पण मागणं पूर्ण होतं. साबणाचे फुगे उडवले तेव्हा मात्र एकटीच बघत राहिली, वळून कुणाला दाखवलं नाही. नजर, हावभाव, आवाज, शब्द, समज हे सगळं वेगवेगळं बघतात ना, म्हणून मागणं येतंय पण दाखवणं मागे आहे हे आम्हाला तिथे कळलं.

ट्रेनिंग घेतलेलं माणूस सगळीकडे मिळत नाही, आणि मूल झोपेतून उठून चिडचिडं असेल तर तो दिवस वायाच, हेही खरं. तसं असेल तर सीएसबीएसचीच २४ प्रश्नांची चेकलिस्ट आधी भरा, दहा मिनिटांत होते. तरी माझं मत विचाराल तर निरीक्षण.

यादी टाकली नाही आम्ही. परवा 'काऊ'वर खूण केली, लेकीने खिडकीकडे बोट केलं आणि मग वळून माझ्याकडे बघितलं.