इलेक्ट्रिक युकुलेले: स्टीलच्या तारा की नायलॉनच्या?

युकुलेले म्हणजे गिटारसारखं दिसणारं, चार तारांचं छोटं वाद्य. ‘इलेक्ट्रिक युकुलेले’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी वाद्यं विकली जातात, आणि फोटोवरून ती ओळखू येतीलच असं नाही. एपिफोनचं लेस पॉल युकुलेले बघा. दिसायला रॉक गिटारचं पिल्लू, पण तारा नायलॉनच्या आणि पिकअप (तारेच्या थरथरीची वीज करणारा भाग) सॅडलखाली, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली, दडलेला. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणारा परिणाम) लावून त्यातून गिटारसारखा आवाज काढायला गेलात तर नुसता किरकिराट हाती येईल. उलट स्टीलच्या तारांचं, भरीव लाकडाचं युकुलेले घेऊन चार जणांत गाण्याला साथ करायला बसलात, तर अँपशिवाय ते पलीकडच्या खुर्चीपर्यंतही पोहोचणार नाही. रंग, आकार, नॉब किती हे सगळं नंतर. आधी तार कसली आहे ते बघायचं.

त्यासाठी खिशात छोटा चुंबक पुरतो. तारेजवळ नेल्यावर तार ओढली गेली तर ती स्टीलची. एका ठिकाणी मात्र डोळा फसतो. नायलॉनच्या संचातली जाड ‘जी’ (G) तार पुष्कळदा चकचकीत, धातूची दिसते. ती नायलॉनच्या गाभ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळून, वर चांदीचा मुलामा देऊन केलेली असते. चुंबक तिला ओळखत नाही आणि चुंबकीय पिकअपही ओळखत नाही.

सगळा फरक इथूनच सुरू होतो. चुंबकीय पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर लोखंडी गुणाची तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात सूक्ष्म वीज उमटते. नायलॉन थरथरलं काय अन् नाही काय, त्याला काहीच कळत नाही. नायलॉनसाठी पिएझो, म्हणजे दाबावर चालणारा पिकअप, लागतो. तो सॅडलखाली बसतो आणि तारेच्या दाबातला चढउतार टिपतो. गंमत अशी, की विजेवर वाजणाऱ्या गिटारची वाट हवाईयन गिटारनेच पाडली. रिकनबॅकरचं ‘फ्राइंग पॅन’ १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं तेही मांडीवर आडवं धरून वाजवायचं, स्टीलच्या तारांचं. युकुलेले मूळचं हवाई बेटांवरचंच, पण त्यावर तेव्हा आतड्याच्या तारा असायच्या. त्यामुळे या चुंबकाचा त्याला काही उपयोग नव्हता.

हाताला काय वाटतं

नायलॉनवर कॉर्ड मारली की ती फुलते आणि लगेच विझते. युकुलेलेचं सगळं स्ट्रमिंग या विझण्यावर उभं आहे, कारण दोन ठोक्यांमधली शांतता फुकट मिळते. स्टीलची तार तेवढ्यात विझत नाही. सी कॉर्डवरून एफवर गेलात तरी आधीच्या सुटलेल्या तारा मागे गुणगुणत राहतात आणि चार मात्रांत सगळ्याचा काला होतो. तेव्हा आवाज दाबणं हे स्टीलवरचं पहिलं शिक्षण. उजव्या तळहाताची कड ब्रिजलगत (तारा अंगाला जिथे बांधलेल्या असतात तिथे) टेकवायची, आणि डावी बोटं फ्रेटवरून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून) पूर्ण न उचलता नुसती सैल करायची. बोट तारेला टेकलेलं राहिलं पाहिजे; तार फ्रेटवरून सुटली की आवाज तिथेच मरतो.

मोबदल्यात स्टील जे देतं ते नायलॉनला जमत नाही. लांबणारा सूर, आणि मींड. ए तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवून तार आडवी ढकला, पूर्ण एक स्वर सहज चढतो. नायलॉन तेवढंच ढकललं तर सूर जेमतेम हलतो, कारण नायलॉन मुळातच ताणलं जाणारं. थोड्या जास्त ओढीने त्याचा ताण फारसा वाढत नाही. स्टीलचा हाच गुण नवशिक्याला नडतो. गरजेपेक्षा जोरात दाबलं की सूर चढतो आणि कॉर्ड बेसूर लागते. नायलॉनवर दोन-तीन वर्षं वाजवलेला माणूस स्टीलवर हमखास चढा वाजवतो. फ्रेटच्या अगदी लगत, आवाज स्वच्छ येईल इतकंच दाबायचं.

बोटं पहिले दोन-तीन आठवडे दुखतात. नखाने स्ट्रम करणाऱ्याचं नख स्टीलवर झिजतं, म्हणून ०.५ ते ०.७ मिलिमीटरचं पातळ पिक घ्यावं. नायलॉनसाठी वापरायचं फेल्टचं पिक इथे कामाचं नाही, स्टील त्याचे धागे काढतं.

तारांचं गणित

स्टीलचं युकुलेले घेणाऱ्याला ‘आता तारा कुठून आणू?’ ही काळजी असते. ती सोडा. टेनर आकारात नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल अंतर सुमारे १७ इंच असतं, आणि त्याला इलेक्ट्रिक गिटारचा १०-४६चा साधा संच चालतो. हे आकडे म्हणजे गेज, तारेची जाडी इंचाच्या हजारांशात. त्यातली १० गेजची तार ए, १३ची ई आणि १७ची सी. प्रत्येकीवर साडेपाच ते सहा किलोच्या आसपास ताण येतो. त्याच १० गेजच्या तारेवर गिटारच्या पहिल्या सुराला सात किलोंहून थोडा जास्त असतो, म्हणजे इथे हाताला ती किंचित मऊच लागते.

प्रश्न उरतो जीचा. नेहमीची चढी जी (३९२ हर्ट्झ) हवी असेल तर सुटी ११ गेजची साधी तार घ्यायची. खालची जी (१९६ हर्ट्झ) हवी असेल तर संचातली २६ची गुंडाळलेली तार जरा ताठ पडते. ९-४२च्या संचातली २४ची बरोबर बसते. कॉन्सर्ट आकारात लांबी १५ इंचांवर येते. तेच सूर आखूड तारेवर म्हणजे ताण कमी, म्हणून तारा एक घर जाड घ्यायच्या: ए ११, ई १४, सी १८, चढी जी १२. सोप्रानो या आणखी छोट्या आकारावर स्टील लावण्याच्या फंदात पडू नये. ताण टिकवायला सी तार २० गेजची घ्यावी लागते, आणि इतकी जाड साधी तार इतक्या आखूड लांबीवर वरच्या फ्रेटला कधी सुरात येत नाही.

चढी जी की खालची, हे नायलॉनवर आवडीचं काम. स्टीलवर मात्र आवाज घाण करून वाजवायचा असेल तर खालची जीच घ्यावी. डिस्टॉर्शनमध्ये चार तारांची पूर्ण कॉर्ड चिखल होते, त्यामुळे मूळ सूर आणि पंचम एवढेच दोन वाजवायचे. सी तारेवर दुसरा फ्रेट आणि ई तारेवर पाचवा दाबला की डी आणि ए मिळतात, आणि हीच जोडी मानेवर वरखाली सरकवता येते. खालच्या जीवर हे खेळ आणखी खाली नेता येतात. चढ्या जीवर सगळं वरच्या सप्तकात कोंबलेलं राहतं.

आता एक नेहमीचा प्रश्न: घरातल्या नायलॉनच्या युकुलेलेला स्टीलच्या तारा लावू का? ‘ब्रिज उखडेल’ असं सरसकट सांगितलं जातं. जाड तारा लावल्या तर तो धोका खराच. पण बारीक गेज लावूनही हे जमत नाही, आणि त्याची कारणं वेगळी आहेत. नटमधल्या खाचा नायलॉनच्या जाडीच्या असतात, त्यात बारीक तार खडखडते. गाठ मारायच्या ब्रिजच्या लाकडात स्टील रुतत जातं. मऊ फ्रेट झिजतात. आणि सॅडल नायलॉनच्या हिशेबाने बसवलेलं असल्याने बाराव्या फ्रेटला सूर जुळत नाही. नाद सोडा.

काय बिघडतं

स्टीलच्या वाद्यात तक्रारी पुष्कळ, पण बहुतेक पेचकसाने सुटणाऱ्या.

पहिल्या दोन फ्रेटवर कॉर्ड चढी लागते आणि वर ठीक वाटते, तर दोष नटचा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघा. कागदाच्या जाडीएवढी पुरे. त्याहून बरीच जास्त असेल तर खाच खोल करायला हवी, आणि ते काम जाणत्याकडे द्यावं. एक घाव जास्त पडला की सुटी तार फ्रेटवर घासू लागते.

बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मानेपासून मागे सरकवायचं, उतरलेला असेल तर पुढे. हे प्रत्येक तारेचं वेगळं असतं. म्हणून चार सुटी सॅडल नसलेलं, एकाच पट्टीचं स्टीलचं युकुलेले घेऊच नये. नायलॉनला एक पट्टी खपून जाते, स्टीलला नाही. ॲक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बाराव्या फ्रेटवर दीड ते पावणेदोन मिलिमीटर ठेवा. नायलॉनला अडीच-तीन लागतो, कारण त्याची थरथर रुंद असते.

एखादी तार दबकी वाजत असेल तर पिकअप वरून बघा. गिटारचाच सहा खुंट्यांचा (प्रत्येक तारेखाली एक लोखंडी खुंटी असलेला) पिकअप बसवलेला असेल तर चार तारा त्या खुंट्यांवर नेमक्या पडत नाहीत, आणि दोन खुंट्यांमध्ये पडलेली तार मागे राहते. साधी १७ची सी तार तर मुळातच दणदणीत. खुंट्या फिरणाऱ्या असतील तर तिच्याखालची अर्धा-एक फेरा खाली करा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत दोन ते तीन मिलिमीटर ठेवा. त्याहून जवळ आणलंत तर चुंबक तारेलाच ओढतो आणि लांबलेला सूर डळमळतो.

गुणगुण येते आणि तारांना हात लावला की कमी होते, हे ठीक आहे; तारा ब्रिजमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर आतली अर्थची तार सुटली आहे किंवा जॅकवर उलटी जोडली आहे. आणि तारांना बोट लावताना झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. दोष वाद्याचा नसून अँपच्या किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा असण्याची शक्यता जास्त, आणि स्टीलच्या तारा तो थेट हातापर्यंत आणतात. नायलॉनवाल्याला ही भीती नसते.

नायलॉन-पिएझोचे आजार वेगळे. बोट अंगावर आपटलं तरी ठोका ऐकू येतो, नऊ व्होल्टची बॅटरी ऐन वेळी उतरते, आणि पोकळ अंगाचं वाद्य मोठ्या आवाजात फीडबॅकने घूं घूं करू लागतं. भरीव अंगाचं नायलॉनचं घेतलं तर हा शेवटचा त्रास बराच टळतो.

कशात जोडायचं

स्टीलचं युकुलेले साध्या गिटार अँपला खूश असतं. सूर मुळात उंच, म्हणून ट्रेबल कमी करून मिड वाढवा. प्रीअँप (वाद्यातच बसवलेलं, कमजोर सिग्नल वाढवणारं सर्किट) नसलेला पिएझो त्याच अँपमध्ये पातळ, पत्र्यासारखा वाजतो. त्याला निदान १ मेगओहम इनपुट लागतं, जमल्यास त्याहूनही बरंच जास्त, नाहीतर खालचे सूर गळतात. प्रीअँप असलेलं वाद्य अकूस्टिक अँपला किंवा सरळ मिक्सरला द्यावं.

मग कोणी काय घ्यावं

गाण्याला साथ, प्रवासात सोबत, पहिलंच युकुलेले: नायलॉन, पोकळ अंग, पिएझो. रात्री हेडफोन लावून सराव, पण हाताला नेहमीचं युकुलेलेच वाटायला हवं: नायलॉन, भरीव अंग. सोलो, मींडा, डिले, डिस्टॉर्शन, आणि बोटांना युकुलेलेच्या कॉर्ड पाठ: स्टील, टेनर, खालची जी, हमबकर (दोन वेटोळ्यांचा, गुणगुण कमी करणारा) पिकअप.

हातात आधीच इलेक्ट्रिक गिटार असेल तर पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि बारीक बाजूच्या चारच तारा वाजवा. जी, सी, ई, ए. खालच्या जीचं युकुलेले सुरासकट समोर हजर, लांबीही १९ इंचांच्या आसपास. महिनाभर असं वाजवून बघा. हे पुरतंय असं वाटलं तर स्टीलच्या युकुलेलेला फक्त आटोपशीर आकार उरतो.

वापरलेलं घेताना केबल लावून चारही तारा एकसारख्या जोराने छेडा, नॉब पूर्ण फिरवून खरखर ऐका, जॅकमध्ये प्लग हळूच हलवा. शेवटी पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली नख फिरवा. स्टीलने पाडलेले खळगे नखाला लागले तर किंमत ठरवताना नवे फ्रेट बसवण्याचा खर्च धरा.