दुबई की जर्मनी? आयटीआय झालेल्या वेल्डर-इलेक्ट्रिशियनसाठी

पगार: दुबईत आयकर नाही, पण सर्वांना लागू असं किमान वेतनही नाही. ऑफरमध्ये ‘बेसिक’ (भत्ते सोडून मूळ पगार) आधी बघा. पहिली 5 वर्षं ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकवरच मिळते. व्हिसाचा खर्च कायद्याने मालकाचा, एजंटला देऊ नका. जर्मनीत 2025 मध्ये किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, कर-विमा मात्र भरपूर कापतात.

खर्च: दुबईत कंपनीची खोली मिळाली तरच शिल्लक. जर्मनीत घरभाडं आणि हीटिंग खिसा रिकामा करतात.

हवा: जळगाव-भुसावळचं ऊन कोरडं, दुबईचं दमट, घाम वाळतच नाही. उन्हाळ्यात तिथे दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम बंद. जर्मनीत डिसेंबरात चारलाच अंधारतं.

कर्ज फेडायची घाई असेल तर दुबई. कुटुंबासह स्थायिक व्हायचं असेल, जर्मन शिकायची तयारी असेल, तर जर्मनी.